पॅरिसमधला तलाव आधी, समुद्रकिनारा नंतर

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: “ताई, मी २९ वर्षांची, पुण्याची, नोकरीसाठी पॅरिसला येऊन आठ महिने झालेत. ऑफिसमधली एक मैत्रीण नॅचरिस्ट, म्हणजे कपड्यांविना एकत्र वावरणाऱ्या, लोकांच्या पोहण्याला नियमित जाते, मलाही चल म्हणते. जावंसं वाटतंय, पण एक कळत नाही. फ्रान्समध्ये इतके प्रसिद्ध नॅचरिस्ट किनारे आणि रिसॉर्ट असताना शहरात, चार भिंतींत, ट्यूबलाइटखाली, दोन तासांसाठी कपडे काढण्यात लोकांना काय मिळतं? आणि माझ्यासारख्या एकटीनं सुरुवात कुठून करावी?”

उत्तर आधी देऊन टाकते: सुरुवात शहरातल्या पोहण्याच्या तलावापासून कर. रिसॉर्टचं पुढच्या उन्हाळ्यात बघू. असं का म्हणते ते मात्र सविस्तर सांगायला हवं. तुझ्या प्रश्नात एक गृहीत आहे, आणि कधीकाळी ते माझ्याही मनात होतं. खरी मजा समुद्राकाठी, शहरातली संध्याकाळ म्हणजे दुधाची तहान ताकावर, हे ते गृहीत.

माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून ‘तू’ म्हणते. मी मूळची कर्जतची. पॅरिसला येऊन एकवीस वर्षं झाली. त्यातली सोळा वर्षं मी अशा संध्याकाळींना जाते आहे आणि नऊ-दहा वर्षं दाराशी बसून नव्या माणसांशी बोलायचं, त्यांना आत न्यायचं काम केलं आहे. उन्हाळ्यांत किनाऱ्यावरच्या वसाहतींतही राहिले आहे, कधी नवऱ्याबरोबर, कधी एकटी. दोन्हींवर माझा जीव आहे, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

आधी एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आण. पॅरिसच्या बाराव्या विभागात बुलव्हार कार्नोवर रोजे ल गाल नावाचा सार्वजनिक तलाव आहे. मेट्रोच्या एक नंबरच्या लाइननं पोर्त द व्हँसेनला उतरायचं आणि चालत जायचं. दिवसभर तिथं शाळेची पोरं, आज्या, जोरात पोहणारे येऊन जातात. नेहमीच्या लोकांची वेळ संपली की ठरलेल्या संध्याकाळी नॅचरिस्ट संघटनेचे सभासद येतात. पाणी तेच, क्लोरीनचा वास तोच. लोक ऑफिसमधून थेट आलेले असतात, पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात ओली छत्री. कपडे लॉकरमध्ये जातात, साबण लावून अंघोळ होते, डोक्यावर पोहण्याची टोपी चढते. पॅरिसच्या सार्वजनिक तलावांत ही टोपी सक्तीची असते, तेव्हा ती विसरू नकोस. मग लोक पोहायला लागतात. मधे काठाशी थांबून मेट्रोचा संप, घरभाडं, कुणाच्या मुलाची परीक्षा यावर बोलतात. दोन तासांनी केस पुसत परत मेट्रोत. त्या डब्यात शेजारी बसलेल्या माणसाला तुझ्या संध्याकाळीबद्दल काहीही कळत नाही.

रिसॉर्टला तू कपडे नसलेल्या गावात राहायला जातेस. इथं तू पोहायला जातेस, फक्त पोहण्याचे कपडे घालत नाहीस. माझ्या मते शहरी कार्यक्रमांची सगळी ओढ या फरकात आहे. हातात करायला काहीतरी असतं. पोहायचं असतं, चित्र बघायचं असतं, योगासनं करायची असतात. नवख्या माणसाला सगळ्यात जड जातं ते रिकामं उभं राहणं. हात कुठं ठेवू, नजर कुठं ठेवू, हे प्रश्न मला दाराशी शेकडो चेहऱ्यांवर दिसले आहेत. पाण्यात उतरल्यावर ते प्रश्न उरत नाहीत, कारण हातांना काम मिळतं आणि डोळ्यांना समोरची भिंत. किनाऱ्यावर पहिल्या दिवशी वाळूवर नुसतं बसून राहावं लागतं, आणि ते बसणं फार लांबतं.

निघून जाता येतं, हीसुद्धा मोठी गोष्ट. तलावावर दहा मिनिटांत जमलं नाही तर कपडे चढवून घरी जा, कुणी विचारणार नाही. एक बाई सलग तीन वेळा दारापर्यंत येऊन परत गेल्या. चौथ्या वेळी आत आल्या, आणि पुढे कित्येक वर्षं आमच्यात होत्या. आठवड्याच्या बंगल्याचे पैसे भरून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर गेल्यावर असं परत फिरता येत नाही.

आता रिसॉर्ट असे का झाले ते बघ, म्हणजे ते कुणासाठी बांधले गेले हे लक्षात येईल. भूमध्य समुद्रातल्या इल द्यु लव्हाँ बेटावर गास्ताँ आणि आंद्रे द्युरव्हील या डॉक्टर भावांनी १९३१ मध्ये हेलिओपोलिस वसवलं. ऊन, हवा, साधा आहार आणि व्यायाम यांनी माणूस बरा होतो, हा त्यांचा विश्वास होता. त्याआधी त्यांनी पॅरिसजवळ सेन नदीतल्या एका बेटावर फिझिओपोलिस नावाची वस्ती काढली होती, पण तिथं पूर्ण नग्नतेला मुभा नव्हती. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, १९५६ मध्ये ती तीन आठवड्यांची झाली, आणि सुट्टीला समुद्रावर जाणं ही सामान्य घरांचीही रीत बनली. त्याच काळात, १९५० मध्ये, आल्बेर आणि क्रिस्तियान लकॉक या दांपत्यानं अटलांटिकच्या किनाऱ्यावर माँतालिव्हेची वसाहत उभी केली. आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट महासंघाची स्थापनाही तिथंच झाली, १९५३ मध्ये. पाइनची झाडं, तंबू, पुढे लाकडी बंगले, आणि मुलाबाळांसह महिनाभर मुक्कामाला आलेली कुटुंबं.

म्हणजे या जागा मुळातच आई-बाप-मुलं-गाडी या घडणीवर उभ्या आहेत. त्यांचे नियम, भाडी, ओळखीपाळखी सगळं कुटुंबाभोवती फिरतं. एकटा माणूस तिथं खटकतो. एकट्या पुरुषाकडे संशयानं बघतात आणि एकट्या बाईकडे जरा जास्तच कुतूहलानं. दक्षिणेतल्या एका वसाहतीत मी एकदा नवऱ्याशिवाय गेले होते. फाटकावर मला दोनदा विचारलं की यजमान मागून येणार आहेत का, आणि मग आठवडाभर शेजारच्या बंगल्यातल्या बायका माझ्याशी फार जपून बोलत राहिल्या. वाईट वागलं असं कुणीच नाही. पण त्या रचनेत माझ्यासाठी खुर्चीच नव्हती. शहरातल्या तलावावर बहुतेक लोक एकटेच येतात, ऑफिसातून एकटे येतात तसे, आणि तिथं कुणाला त्याचं काही वाटत नाही.

त्यात पैसा आणि अंतर आलंच. पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान गाडी दोन तासांत नेते, पण माँतालिव्हेला जायला पुढे गाडी लागते. तुझ्याकडे गाडी नाही, भारतीय पासपोर्टवरच्या नोकरदारांची सुट्टी दरवर्षी मायदेशी जाण्यात संपते, आणि वर्षातल्या कुठल्या तीन दिवसांत तू हे बसवणार? मंगळवारची संध्याकाळ मात्र आहे.

लोक शहरी कार्यक्रमांना नवं खूळ म्हणतात, तेव्हा मला इतिहास सांगावासा वाटतो. बर्लिनमध्ये आडॉल्फ कॉख नावाच्या शाळामास्तरांनी १९२० च्या दशकात कामगारांसाठी नग्न व्यायामाची शाळा चालवली. रिसॉर्ट परवडणार नाही अशा लोकांसाठी, ऐन शहरात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १९३३ मध्ये नाझींनी या चळवळीवर बंदी आणली. न्यूयॉर्कमध्ये कुर्ट बार्थेल या जर्मन स्थलांतरितानं १९२९ मध्ये गट सुरू केला. हिवाळ्यात ते मॅनहॅटनमधली व्यायामशाळा भाड्यानं घेत. डिसेंबर १९३१ मध्ये तिथं पोलिसांची धाड पडली. न्यायाधीशांनी खटला फेटाळला, पण पुढच्याच वर्षी त्या मंडळींनी न्यू जर्सीत झाडीत जमीन घेऊन स्काय फार्म उभं केलं. चळवळीला शहराबाहेर जाण्याची हौस होती म्हणून ती गेली, असं समजू नकोस. बऱ्याच ठिकाणी तिला शहरातून हाकललं गेलं. गेल्या काही वर्षांत पॅरिसमध्ये जे चाललं आहे ते मला घरी परतण्यासारखं वाटतं.

आणि आपल्या घराजवळची गोष्ट. नोंदींत सापडणारी सगळ्यात जुनी नॅचरिस्ट मंडळी युरोपातली नाहीत, आपल्या मुंबई इलाख्यातली आहेत. १८९१ मध्ये चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड या जिल्हा व सत्र न्यायाधीशानं ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ काढली. सभासद तीन: तो विधुर न्यायाधीश आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. जागा माथेरान. क्रॉफर्डची रत्नागिरीला बदली झाली, मंडळ विस्कटलं, आणि १८९४ मध्ये तो वारला. लहानपणी आम्ही नेरळहून त्या छोट्या गाडीनं माथेरानला जायचो, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पॅरिसमध्ये एका फ्रेंच आजोबांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं, आणि मी घरी येऊन नवऱ्यापुढे माथेरानचा नकाशा काढून बसले. तीनच माणसं, कामाच्या गावापासून फार लांब नाही, सवड मिळेल तेव्हा भेटायची. साहेबाची बदली झाली आणि सगळं संपलं, यावरून एक गोष्ट मी पुढे आमच्या कामात लक्षात ठेवली. एका माणसावर चालणारं मंडळ टिकत नाही. दाराशी बसणारे निदान चार जण हवेत.

पॅरिसचं अलीकडचं सांगते. ३१ ऑगस्ट २०१७ ला महापालिकेनं व्हँसेनच्या जंगलात एक कुरण नॅचरिस्ट लोकांना मोकळं करून दिलं. साधारण ७,३०० चौरस मीटर, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात, पहिल्या वर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत चाचणी म्हणून. कडेनं फलक लावले, म्हणजे वाटसरूंना आधीच कळावं, आणि टक लावून बघणं किंवा अंगप्रदर्शन खपवून घेतलं जाणार नाही हेही लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यांतही ते चालू राहिलं. जून महिन्यात दुपारी तिथं बघशील तर कुणी पुस्तक वाचतं, कुणी डब्यातलं सॅलड खातं, कुणी झोपलेलं असतं. पेपरात तेव्हा जो गदारोळ झाला, त्याच्याशी या दृश्याचा मेळच बसत नाही.

५ मे २०१८ ला पालॅ द तोक्यो या समकालीन कलेच्या संग्रहालयानं नेहमीची दारं उघडण्याआधी नग्न प्रेक्षकांसाठी फेरी ठेवली. पॅरिसच्या नॅचरिस्ट संघटनेनं ती जमवून आणली होती. तिकिटं होती १६१, आणि फेसबुकवर उत्सुकता दाखवणारे सुमारे ३०,०००. मला तिकीट मिळालं नाही, त्याची हळहळ अजून आहे. या दोन आकड्यांमधली दरी तुझ्या प्रश्नाचं मोठं उत्तर आहे. त्या तीस हजारांतले बहुतेक जण आयुष्यात कधी रिसॉर्टला गेलेले नसणार. त्यांना नग्न गावात राहायचं नव्हतं, शनिवारी सकाळी दोन तास चित्रं बघायची होती. पुढे मार्सेलच्या म्युसेम या संग्रहालयात ३ जुलै ते ९ डिसेंबर २०२४ या काळात नॅचरिझमच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं होतं आणि फ्रेंच नॅचरिस्ट महासंघाबरोबर काही संध्याकाळी कपड्यांविना बघण्यासाठी राखल्या होत्या. तिथं मी गेले. पायात चपला-बूट मात्र घालायला सांगितले होते. माँतालिव्हेचे जुने फोटो आणि त्यांच्यासमोर उभी असलेली आजची उघडी माणसं, सुरकुतलेली, जाड, काटकुळी. त्या फोटोंतल्या लोकांसारखीच दिसत होती. मला त्या दिवशी भरून आलं होतं.

सगळंच जमतं असं नाही, तेही सांगते. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिसात ओ-नातुरेल नावाचं नग्न उपाहारगृह उघडलं, चाळीसेक जणांचं, खिडक्यांना जाड पडदे, फोन दाराशी ठेवायचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते बंद पडलं. त्याला गिऱ्हाइकं पुरली नाहीत. माझा अंदाज असा की तिथं नग्नता हेच मुख्य पक्वान्न होतं. एकदा चाखलं, मित्रांना सांगितलं, झालं. पोहणारा मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, कारण त्याला पोहायचंच असतं. कुठलाही शहरी कार्यक्रम पारखताना मी स्वतःला विचारते, की कपडे घालूनही मी इथं आले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर तो कार्यक्रम टिकेल.

मनावर परिणाम काय होतो, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायचं असणार. लंडनच्या गोल्डस्मिथ्समधले मानसशास्त्रज्ञ किऑन वेस्ट यांनी यावर काम केलं आहे. नॅचरिस्ट कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांना आपल्या शरीराबद्दल अधिक आपलेपणा वाटतो आणि एकंदर समाधानही जास्त असतं, असा संबंध त्यांना आढळला. मग पन्नासेक माणसं घेऊन त्यांनी प्रयोग केला. काहींना एका खोलीत नग्न होऊन इतरांत मिसळायला सांगितलं, काहींना कपड्यांत. नग्न गटाला आपलं शरीर जास्त आवडू लागलं, आणि त्याचं कारण दिसलं ते इतर लोक आपल्याकडे कसे बघतील ही धास्ती कमी होणं. समुद्र नाही, ऊन नाही, एक बंद खोली आणि अनोळखी माणसं. म्हणजे काम करतात ती माणसं. तुझ्या ट्यूबलाइटच्या शंकेला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

मी स्वतः हे कसं अनुभवलं? पहिल्या दिवशी तिथं सावळं अंग माझं एकटीचं होतं. सिझेरियनचा व्रण, पोटाची सैल कातडी, हे सगळं घेऊन मी पाण्याच्या कडेला उभी होते आणि कानात आईचा आवाज होता: “अगं, अंगभर पदर घे.” माझ्या पुढच्या लेनमध्ये एक सत्तरीच्या बाई पोहत होत्या, त्यांचा एक स्तन शस्त्रक्रियेत काढलेला होता. त्या पाण्याबाहेर आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पाणी आज गार आहे,” आणि निघून गेल्या. बस. शरीराबद्दल आयुष्यभर ऐकलेलं जे काही होतं त्यातलं बरंचसं त्या एका वाक्यानं गळून पडलं, कारण ते वाक्य शरीराबद्दल नव्हतंच. अशा शरीरांचा शेजार मला किनाऱ्यावरही मिळाला, पण तिथं ती वीस मीटरवर वाळूत पहुडलेली असतात. तलावात ती शेजारच्या लेनमध्ये असतात.

आपल्याकडे नग्नता दोनच ठिकाणी चालते असं आपण मानतो: दिगंबर मुनींची किंवा नाशिकच्या कुंभातल्या नागा साधूंची, नाहीतर शयनगृहातली. पहिली वैराग्याची, दुसरी कामाची. तिसरी, नुसती रोजच्या सहवासाची, यासाठी आपल्याकडे धड शब्दही नाही. नाही म्हणायला र. धों. कर्वे होते. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र छापलं, अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड दिलं. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. माझ्या आजोबांच्या कपाटात त्याचे काही अंक होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ते गुंडाळलेले होते हे मी आजही विसरले नाही.

आता शहरी संध्याकाळींचे दोष. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे पुरुषांची संख्या. बायका कमी येतात, ते बघून पुढच्या वेळी आणखी कमी येतात. याचा विचार न करणारा कार्यक्रम हळूहळू पुरुषांचा अड्डा होतो आणि मग बंद पडतो. चांगली मंडळं एकट्या पुरुषांची संख्या बांधून ठेवतात, अधूनमधून फक्त बायकांसाठी वेळ ठेवतात, आणि दाराशी बाई बसवतात. नव्या ठिकाणी जाण्याआधी सरळ विचार: साधारण किती बायका येतात? उत्तर टाळलं तर जाऊ नकोस.

दुसरा दोष म्हणजे घाई. संध्याकाळ संपत आली की शिट्टी वाजते, सगळे लॉकरकडे पळतात. ओळखी होतात पण खोल जायला वर्षं लागतात. रिसॉर्टची खरी कमाई इथंच आहे, आणि म्हणून मी तिथं अजूनही जाते. साधारण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडते. सकाळी पाव आणायला निघतेस, रांगेत उभी राहतेस, पैसे देतेस, परत येतेस, आणि चहा करताना ध्यानात येतं की सकाळपासून आपण उघड्या आहोत याचा विचारच मनात आला नाही. हे विसरणं तलावावर होत नाही, कारण तिथं दर वेळी कपडे काढण्याचा आणि घालण्याचा क्षण असतो. वाऱ्याचा अंगभर स्पर्श, पाऊस, रात्रीचा समुद्र, यांना शहराकडे पर्याय नाही. तिथल्या मुलांना बघ, सात-आठ वर्षांची पोरं वाळूत खेळताना. त्यांना ‘नग्न’ असा वेगळा शब्दच लागत नाही.

फक्त रिसॉर्ट निवडताना एक ध्यानात ठेव. काप दाग्दचं नाव सगळ्यात आधी कानावर येईल. १९७० च्या दशकात वाढलेलं ते नॅचरिस्ट शहरच आहे, दुकानं, बँका सगळं असलेलं. पण तिथं काही भागात रात्रीचं वातावरण लैंगिक मौजमजेचं असतं. त्याबद्दल मला कुणाचा न्याय करायचा नाही, पण एकटीनं, पहिल्यांदाच जाण्याची ती जागा नाही. कुटुंबांची जागा हवी तर माँतालिव्हे किंवा तशी दुसरी एखादी.

कायद्याचं थोडं. फ्रान्सच्या दंडसंहितेतलं कलम २२२-३२ सार्वजनिक ठिकाणी इतरांवर लादलेल्या लैंगिक प्रदर्शनाला शिक्षा सांगतं: एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरो दंड. राखून ठेवलेल्या जागी, फलक लावलेल्या कुरणात किंवा संघटनेनं घेतलेल्या तलावात तुला याची भीती नाही. कुरणाची हद्द ओलांडून तशीच वाटेवर मात्र जाऊ नकोस. आणि सुट्टीत घरी गेलीस की हे सगळं इथंच ठेवून जा. गोव्यात काही किनाऱ्यांवर परदेशी लोक तसे दिसायचे अशा गोष्टी ऐकल्या असशील, पण भारतात त्याला मान्यता असलेला एकही किनारा नाही, आणि सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याचं कलम न्याय संहितेतही आहे.

फोटोची काळजी तुला सगळ्यात जास्त असणार. पुण्यात कुणाला कळलं तर? खऱ्या मंडळांत फोन लॉकरमध्येच राहतात, आणि कुणी बाहेर काढला तर त्याला त्याच क्षणी बाहेर काढतात. मी स्वतः दोघांना काढलं आहे. आडनाव कुणी विचारत नाही. बाहेर रस्त्यात भेटलो तर ओळख कशी झाली हे आम्ही सांगत नाही, “पोहण्याच्या क्लबात” एवढंच. कपडेवाल्यांना इथले जुने लोक ‘तेक्स्तील’ म्हणतात. तो शब्द ऐकलास तर बिचकू नकोस, त्यात राग नसतो.

लगट करणारा भेटला तर काय? “नको” म्हण आणि दाराशी येऊन सांग. सांगायला संकोचू नकोस, आम्ही बसलेलो असतो ते याचसाठी. तुझ्या मित्राला पुढेमागे आणलंस आणि त्याला शरीर नको तेव्हा साथ देईल अशी धास्ती असेल, तर त्याला सांग की हे क्वचित होतं. झालं तर पाण्यात राहायचं किंवा टॉवेल घ्यायचा, कुणी नाटक करत नाही. पाळी चालू असताना येऊ नये असंही काही नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरून पोहतात. माझ्याकडे जादाचे असतात.

म्हणून पहिल्यांदा असं कर. मैत्रिणीबरोबर ये, पण तिला आधीच सांगून ठेव की तू अर्ध्या तासात निघू शकतेस. पहिली अंघोळ लवकर उरक आणि थेट पाण्यात उतर, काठावर रेंगाळू नकोस. चार-पाच फेऱ्या मारल्यावर बघ कसं वाटतंय ते. एप्रिलमध्ये ऊन वाढलं की एखाद्या रविवारी व्हँसेनच्या कुरणावर भेटू. तिथं झाडांच्या बाजूला आम्ही पाच-सहा बायका बसतो, डबे आणतो, मी थालीपीठं आणते. त्यानंतर तुला समुद्र हवासा वाटला तर जूनमध्ये, शाळांना सुट्ट्या लागण्याआधी जा. तेव्हा भाडी कमी असतात आणि गर्दीही. एकटीला जड वाटत असेल तर माझ्याबरोबर चल.

आणि पंचे घेऊन ये. इथले जाड टॉवेल दोन तासांत वाळत नाहीत, बॅग ओली होते. कुठंही बसायचं तर स्वतःचं कापड खाली घालायचं, हा नियम जगभर एकच आहे. मी कर्जतहून दर वेळी सहा पंचे आणते: एक बसायला, एक अंग पुसायला, आणि बाकीचे विसरून आलेल्यांसाठी.